मंडळाचा मसुदा: जागा मागताय, पण कुणाच्या ताटातून?

प्रेषक: मिसिसागा
सप्रेम नमस्कार,
ओटावाला, म्हणजे कॅनडाच्या केंद्र सरकारला, पाठवायच्या आपल्या मंडळाच्या निवेदनाचा मसुदा जोडला आहे. इमिग्रेशनचा पुढचा आराखडा संसदेपुढे मांडायची कायद्यातली तारीख 1 नोव्हेंबर, त्यामुळे म्हणणं त्याच्या पुष्कळ आधी पोचायला हवं. मागण्या तीन: पीआरच्या (कायमच्या रहिवासाच्या) एकूण जागा वाढवा, आई-वडिलांचा कोटा वाढवा, विद्यार्थ्यांच्या संख्येवरची मर्यादा काढा. शिवाय डॉक्टर, इंजिनिअरांच्या लायसन्सवर एक परिच्छेद आहे. फायली बडोद्यातूनच तयार होतात, म्हणून तिकडच्या मंडळींनीही नजर टाकावी. हरकती रविवारपर्यंत.

प्रेषक: दांडिया बाजार, बडोदा
ताई, नमस्कार.
मसुदा वाचला. या तिन्ही मागण्या एका कागदावर आल्या तर एकीलाही कुणी हात लावणार नाही.

पहिली मागणी सरळ काढून टाका. नोव्हेंबर 2025 च्या आराखड्यात 2026, 2027 आणि 2028 या तिन्ही वर्षांना 3,80,000 हाच आकडा आहे. त्याआधी एकदा 2025 साठी 5,00,000 ठरले होते, ते खाली आणून 3,95,000 केले. वारं कुठल्या दिशेचं आहे हे यावरून दिसतंच. म्हणजे आता जे काही मागायचं ते एकाच्या ताटातलं काढून दुसऱ्याला वाढा असंच होणार, आणि ते उघडपणे लिहायची तयारी हवी.

2026 ची वाटणी बघा. आर्थिक गटाला 2,39,800, कुटुंब गटाला 84,000, निर्वासित आणि संरक्षित व्यक्तींना 49,300, मानवतावादी कारणांसाठी 6,900. कुटुंबाच्या 84,000 पैकी 69,000 जोडीदार आणि मुलांचे. आई-वडील, आजी-आजोबांना राहिले 15,000. 2025 ला हेच 24,500 होते. ते परत मागायचे तर साडेनऊ हजार जागा कुठल्या रकान्यातून काढू, हे अधिकारी विचारणारच. जोडीदारांच्या म्हणाल तर आपल्याच सुना-जावयांची रांग वाढेल. निर्वासितांच्या म्हणाल तर मंडळाला शोभणार नाही. राहिला आर्थिक गट, पण त्याचा वाटा 2027 पासून 64 टक्क्यांवर न्यायचा हे सरकारनं आधीच ठरवलंय.

आता जी मागणी एकही जागा न वाढवता पुरी होऊ शकते, ती मसुद्यात नाहीच. आई-वडिलांना स्पॉन्सर करायचे इच्छा-अर्ज शेवटचे घेतले 2020 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. 2021 पासून 2025 पर्यंतची अर्ज करायची सगळी निमंत्रणं त्याच गठ्ठ्यातून चिठ्ठ्या टाकून निघाली; 2025 मध्ये 17,860 निमंत्रणं, घ्यायचे अर्ज 10,000. जो 2021 मध्ये पीआर झाला त्याचं नाव चिठ्ठ्यांत असणंच शक्य नाही, मग कोटा 15,000 असो की 30,000. तेव्हा मागणी अशी करा: जुना गठ्ठा बंद करा, नोंदणी नव्यानं उघडा, आणि दरवर्षी किती निमंत्रणं काढणार ते आधी जाहीर करा. या मागणीला 'जागा नाहीत' हे उत्तर चालत नाही.

प्रेषक: कॅलगरी
काका, गठ्ठ्याचा मुद्दा पटला, घ्यायलाच हवा. पण त्यावर सरकारचं उत्तर तयार असतं: आई-वडील, आजी-आजोबांना लांबच्या मुक्कामासाठी सुपर व्हिसा आहे ना! एका खेपेला पाच वर्षं राहता येतं, मग तक्रार कसली? म्हणून तिथली अडचण नेमकी लिहावी लागेल. विम्याचं संरक्षण किमान 1,00,000 डॉलरचं, निदान एक वर्षाचं. हप्त्यांनी भरलेलं चालतं, पण सुरुवातीची रक्कम भरल्याचा पुरावा लागतो. नुसतं कोटेशन लावलं की फाईल परत. सत्तरीच्या पुढे मधुमेह-रक्तदाब असला की हप्ता कुठच्या कुठे जातो, शिवाय आधीपासूनच्या आजाराला पॉलिसीत अटी असतात. जानेवारी 2025 पासून कॅनडाबाहेरच्या काही कंपन्यांचा विमाही चालतो, पण कॅनडाच्या नियामकाची मंजुरी असलेल्याच. एजंट ही दुसरी अट सांगत नाहीत.

स्पॉन्सरशिपला मिळकत सलग तीन करवर्षं किमान पातळीच्या 30 टक्के वर हवी आणि हमी 20 वर्षांची, क्विबेकमध्ये 10. एवढा बोजा कुटुंब स्वतः उचलतं, हे निवेदनात ठळक यावं. 'म्हातारी माणसं सरकारी दवाखान्यावर भार' हा आक्षेप येणारच. तो टाळू नका, पण भावनेनंही उत्तर देऊ नका.

प्रेषक: मांजलपूर, बडोदा
ताई, तिसऱ्या मागणीबद्दल. विद्यार्थ्यांची मर्यादा काढा, असं कृपा करून लिहू नका. एक तर ती अर्धी निकालात निघालीय: सरकारी संस्थेत मास्टर्स किंवा पीएचडीला जाणाऱ्यांना 1 जानेवारी 2026 पासून प्रांताचं पत्र (मर्यादेत जागा मिळाल्याचा दाखला) लागत नाही. दुसरं म्हणजे मर्यादा आली ती कॉलेजांनी खोल्यांचा विचार न करता प्रवेश वाटले म्हणून. तात्पुरत्या रहिवाशांचं प्रमाण 5 टक्क्यांखाली आणायचं सरकारनं जाहीर केलंय. ते विसरून लिहिलेलं निवेदन पहिल्याच पानावर बाजूला पडेल.

पोरांचं खरं नुकसान होतं ते नियम मध्येच बदलल्यानं. जीआयसीची, म्हणजे राहण्याच्या खर्चासाठी कॅनडाच्या बँकेत आधी ठेवायची रक्कम 10,000 डॉलरवरून 20,635 झाली, 1 सप्टेंबर 2025 पासून 22,895. नोव्हेंबर 2024 पासून डिप्लोमा घेणाऱ्याला शिक्षणानंतरचा वर्क परमिट सरकारी यादीतल्या विषयालाच. जानेवारी 2025 पासून जोडीदाराला वर्क परमिट हवा तर मास्टर्स 16 महिन्यांचं तरी पाहिजे. अलकापुरीतल्या एजंटांच्या पाट्यांवर अजून 'स्पाऊस ओपन' (जोडीदारालाही परमिट) झळकतंय, ते वेगळंच. मागणी एवढीच करा की ज्या दिवशी अर्ज भरला त्या दिवशीचे नियम त्या अर्जाला शेवटपर्यंत लागू राहावेत. यातही सरकारचा जागेचा खर्च शून्य.

आणि डॉक्टर, इंजिनिअरांच्या लायसन्सचा परिच्छेद या निवेदनातून काढा. तो अधिकार प्रांतांचा. ओंटारिओच्या इंजिनिअरांनी कॅनडातल्या अनुभवाची अट 2023 मध्ये काढली ती प्रांतातूनच. ते पत्र वेगळं, पत्ता वेगळा.

प्रेषक: दांडिया बाजार, बडोदा
वरच्याशी सहमत. नोंदणी उद्या उघडली तरी आमच्याकडच्या फायली कुठे अडतील तेही सांगून ठेवतो. जुन्या जन्मदाखल्यांत कित्येकदा मुलाचं नावच नसतं, नुसतं 'मुलगा' आणि वडिलांचं नाव. आईचं नाव दाखल्यावर सासरचं, शाळेच्या दाखल्यावर माहेरचं, आणि आपल्याकडे लग्नात पहिलं नावही बदलतं, त्यामुळे कागदावर दोन वेगळ्या बायका दिसतात. त्यात गुजरातेतल्या कागदांवर आडनाव आधी. नाव चढवून घेणं, एकच व्यक्ती असल्याचं प्रतिज्ञापत्र, लग्नाचा दाखला, हे आत्ताच करून ठेवायला सांगा. निमंत्रण आल्यावर मुदत 60 दिवसांची, आणि त्यातले बरेच एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर जाण्यात जातात.

प्रेषक: मिसिसागा
सर्वांचे आभार. नवा क्रम असा: आधी आई-वडिलांची नोंदणी खुली करणं, मग अर्जाच्या दिवशीचे नियम, मग सुपर व्हिसाच्या विम्याच्या अटी. एकूण आकड्याबद्दल एक अक्षर नाही.

सोबत ई-पिटिशनही, म्हणजे संसदेकडे ऑनलाइन सह्यांचा अर्जही, करू. सुरू करायला पाच समर्थक आणि एक खासदार लागतो. 500 वैध सह्या झाल्या आणि खासदारानं ती सभागृहात मांडली की सरकारला 45 दिवसांत लेखी उत्तर द्यावं लागतं. सही कॅनडात राहणाऱ्याची किंवा कॅनडाच्या नागरिकाची. म्हणजे बडोद्यात मुक्कामाला असलेला कॅनडाचा नागरिक तिथूनही करू शकतो, पण भारतीय पासपोर्टवर बडोद्यातच राहणाऱ्या काका-काकूंची चालणार नाही. उत्साहानं करायला लावू नका, मोजणीत गळतात. खासदाराला संसदेच्या पत्त्यावर पाठवायच्या पत्राला कॅनडातून तिकीट लागत नाही. प्रत्येकानं आपल्या मतदारसंघाच्या खासदाराला स्वतःच्या शब्दांत लिहावं, एकच मजकूर चिकटवू नये. पत्रात आपला पोस्टल कोड लिहायला विसरू नका, त्यावरून मतदारसंघ बघतात.