लांबच्या ट्रेकला एक किलो चैन न्यायची मुभा असेल तर तुम्ही काय न्याल?

संत्रा_एक्स्प्रेस
दिवाळी झाली की नेपाळातल्या अन्नपूर्णा सर्किट ट्रेकला जाऊन राहिलो, तीन आठवडे मोकळे ठेवले आहे. गाइड आहे पण पोर्टर नाही, म्हणजे सामान आपल्याच पाठीवर. आईचा किचनमधला काटा घेऊन एकेक वस्तू मोजली, पाणी अन् खाऊ सोडून साडेसात किलोत सगळं बसलं. गरजेचं सगळं झालं आहे, जॅकेट, स्लीपिंग बॅग, औषधं, त्याबद्दल काही विचारत नाही. आता एक किलो अशी ठेवली आहे की ज्यात फक्त मजेच्या गोष्टी. नसल्या तरी काही बिघडत नाही पण असल्या तर बरं वाटते अशा. मी फोल्डिंग खुर्ची बघून राहिलो, अर्ध्या किलोच्या आसपास येते, किंमत पाहून बाबा म्हणाले एवढ्यात घरी सोफ्याचं कव्हर बदललं असतं. घेऊ का? तुम्ही काय नेता सांगा न.

अंबाझरी_वॉकर
खुर्ची नको नेऊ भाऊ. खुर्ची वाईट आहे म्हणून नाही, तंबूत राहायचं असलं तर मी स्वतः सांगितलं असतं घे म्हणून, दिवसभर चालून जमिनीवर बसायचं अन् परत उठायचं म्हणजे गुडघे बोलतात. पण तू टी-हाउसमध्ये, म्हणजे वाटेवरच्या साध्या लॉजमध्ये राहणार, तिथे बाकडी असतात, खुर्च्या असतात. तुझी खुर्ची तीन आठवडे बॅगेतच बसून राहील.

आधी एक गोष्ट समजून घे. चालणं दुपारी दोन-तीनपर्यंत संपते. नोव्हेंबरात पाच-साडेपाचला अंधार, अन् वर गेल्यावर खोल्या म्हणजे प्लायवूडच्या भिंती, आत काही गरम नाही. शेगडी फक्त जेवायच्या हॉलमध्ये. म्हणजे रोज चार-पाच तास तू त्या हॉलमध्ये बसून राहणार अन् मग रात्रभर थंडीत झोपणार. चैन जी करायची ती या वेळेसाठी कर. चालताना लागणाऱ्या गोष्टींवर लोक पैसे ओततात अन् संध्याकाळी कुडकुडत फोन पाहत बसतात.

खुर्चीच्या ऐवजी फोमची मॅट असते न, बंद पेशींवाली, पाणी न पिणारी, तिचा दीड वितीचा तुकडा कापून घे. पन्नास ग्रॅमही भरत नाही. वाटेत थंडगार दगडावर बसायला, रात्री पायाखाली टाकायला, बॅगेत पाठीच्या बाजूने सरकवून ठेवायचा. चैन म्हणशील तर यापेक्षा स्वस्त नाही.

धरमपेठची_ताई
वॉकरदादांना पूर्ण अनुमोदन. माझ्या यादीत एक नंबरवर चप्पल. साधी रबरी, पण मोज्यावर घालता येईल अशी, अंगठा आणि बोटाच्या मध्ये पट्टा येतो ती नको. बूट काढून त्यात पाय घातला की जे वाटते न ते शब्दात नाही सांगता येत, आणि पहाटे संडासला जाताना बुटाच्या लेस कोण बांधत बसते.

दोन, रुंद तोंडाची जाड प्लॅस्टिकची बाटली, उकळतं पाणी सहन करणारी. रात्री हॉलमधून उकळतं पाणी भरून घ्यायचं (वरच्या गावांत त्याचेही पैसे घेतात, द्यायचे), मोज्यात घालून स्लीपिंग बॅगमध्ये पायाशी. सकाळी तेच पाणी प्यायला. इथे लोक हौसेने स्टीलचा थर्मास नेतात आणि तोच कुशीत घेऊन झोपतात, अरे तो उष्णता आतच धरून ठेवायला बनवला आहे, तुला काय ऊब देणार! थर्मास न्यायचा तर चहासाठी ने. ‘थोरोंग ला’ ही खिंड चढायच्या दिवशी पहाटे चार-साडेचारला निघतात, ५४१६ मीटरवर आहे ती, बॅगेतल्या पाण्याच्या पिशवीच्या नळीतलं पाणी गोठून बसते, तेव्हा गरम घोटाची किंमत कळते.

आणि हो, खोबरेल तेल नेऊ नको कोणी सांगितलं तरी. चोवीस-पंचवीस डिग्रीच्या खाली ते थिजते, आपल्याकडे डिसेंबरात बाटली उन्हात ठेवावी लागते तर तिथे काय होईल. व्हॅसलिनची छोटी डबी ने. ओठ, नाकपुड्या, टाचा, सगळ्याला तीच.

महालकर
सगळे वस्तू सांगून राहिले, खाण्याचं कोणीच नाही बोललं, नागपूरचे आहात का बे तुम्ही 😄

दाल-भात चांगला असते तिथला, परत परत वाढतात, पोट भरते, तक्रार नाही. पण आपल्या जिभेला तिखट नसलं की आठवडाभरात माणूस वेडा होते. जवसाची चटणी ने. एक पाव किलो तीन आठवडे पुरते, अन् जेवायला बसलं की गाइडपासून शेजारच्या जर्मन पोरापर्यंत सगळे हात पुढे करतात हे धरून चालजो. फक्त बनवताना लक्ष दे, जवस तडतडायचं थांबेपर्यंत भाजायचं, लसूण कच्चा नाही टाकायचा, तेलात कडक होईस्तोवर तळून मग वाटायचा. ओल राहिली की खवट वास येते. पूर्ण गार झाल्यावर झाकणाच्या डब्यात भर, डबा काठोकाठ.

दिवाळीनंतर जाऊन राहिला म्हणजे घरून चिवडा, शंकरपाळे कोंबतील. चिवड्याला नाही म्हण, जागा खाते अन् चुरा होते. शंकरपाळे घे. नाहीतर खारे दाणे, शंभर ग्रॅमला साडेपाचशेच्या वर कॅलरी असतात, त्या भावात दुसरं काही येत नाही. पाकिटबंद काही नेलं तर वाटेवरच्या मनांग गावाला पोचेस्तोवर ते टम्म फुगते, साडेतीन हजार मीटरवर हवेचा दाब आपल्या इथल्या दोन तृतीयांशाच्या आसपास राहते. घाबरायचं नाही, टाचणीने भोक पाडायचं अन् खाऊन टाकायचं.

सावजी मसाला नेऊ नको मात्र. एकाने नेला होता, टी-हाउसच्या बाईला म्हणे यात अंडाकरी करून द्या. तिने दिली बिचारीने. त्या हॉलमध्ये सगळे खोकत होते.

संत्रा_एक्स्प्रेस
हाहाहा महालकर भाऊ, आईला दाखवलं, ती म्हणाली चटणी अर्धा किलो करते. चप्पल, बाटली अन् मॅटचा तुकडा पक्का. खुर्ची कार्टमधून काढली. आता किंडल आणि पॉवरबँकचं सांगा, का नुसतं पुस्तक नेऊ?

रेशीमबाग_काका
मी पायी नर्मदा परिक्रमा केलेला माणूस, तुमच्या या महागड्या सामानातलं मला काही कळत नाही, तरी लिहितो. सव्वीसशे किलोमीटरच्या आसपास वाट, मैया उजव्या हाताला ठेवायची, जेवण आश्रमात नाहीतर सदावर्तात मिळालेल्या शिध्यावर. परंपरा अशी की जवळ जितकं कमी तितकं चांगलं. तरी सांगतो, प्रत्येकाच्या झोळीत एक तरी वस्तू अशी असतेच जी शास्त्रात बसत नाही. एका साधूबुवांकडे नखं कापायची फार उत्तम कात्री होती, मुलासारखी जपत. माझ्याकडे एकेरी मच्छरदाणी. घाटावर, देवळाच्या ओसरीवर झोपताना बाकीचे रात्रभर टाळ्या वाजवत आणि मी गाढ. तुम्हाला हिमालयात त्या दिवसांत डास नाहीत, तेव्हा मच्छरदाणी सोडा. पण वही आणि पेन न्या. चार्ज करावं लागत नाही आणि परत आल्यावर गावांची नावं कोणाला विचारावी लागत नाहीत.

दुसरं, पहिल्या चार दिवसांत जे हाताला लागलं नाही ते मी सरळ पोस्टाने घरी पाठवलं. लाज वाटू देऊ नका.

गोरेवाडा_गिअर
काका बरोबर, अन् हे जगभर चालते. अमेरिकेत अॅपलाचियन ट्रेल आहे, साडेतीन हजार किलोमीटर, त्याच्या दक्षिणेकडच्या टोकापासून पन्नासेक किलोमीटरवर जॉर्जियात नील गॅप म्हणून जागा आहे, तिथल्या दुकानात लोक अख्खी बॅग उपसून दाखवतात अन् दुकानवाले सांगतात हे ठेवा, हे घरी पाठवा. नेपाळात असं काही नाही म्हणून तू इथेच करून टाक. पूर्ण बॅग भर, एखाद्या रविवारी रामटेकच्या गडाच्या पायऱ्या चढ-उतर कर. खांदे लगेच सांगतील कोणती चैन परवडते.

किंडल ने. दोनशे ग्रॅमच्या आसपास, चार्ज आठवडे टिकते, अन् दोन जाड कादंबऱ्यांत अख्खा किलो जाते. पॉवरबँक वीस हजार एमएएचची ने, वर चार्जिंगचे तासावर पैसे घेतात अन् ढगाळ दिवस असले की सोलरवाल्या गावात लाइटच नसते. रात्री फोन अन् पॉवरबँक दोन्ही स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोप, थंडीत बॅटरी बसते. विमानाने जात असशील तर पॉवरबँक चेक-इन सामानात टाकू नको, हातातल्या बॅगेतच चालते. वीस हजारवाली चौऱ्याहत्तर वॉट-अवर भरते, शंभरच्या आत आहे म्हणून वेगळी परवानगी नाही लागत.

अन् एक, कोणी सॅटेलाइट मेसेंजर, म्हणजे उपग्रहावरून मेसेज पाठवायचं यंत्र, उधार देत असेल तर घेऊ नको. भारतात परवानगीशिवाय जवळ बाळगणंच बेकायदा आहे, येता-जाता नसती भानगड.

धरमपेठची_ताई
पत्ते विसरले सगळे! एक कॅट शंभर ग्रॅमच्या आतबाहेर. जेवायच्या हॉलमध्ये काढून तर पाहा, भाषा लागत नाही. नेपाळी मंडळी तीन कॅटचा मॅरेज खेळतात, तो शिकायला वेळ लागतो, पण कॉलब्रेक एका कॅटमध्ये होतो आणि दोन डावांत येतो. बदल्यात त्यांना बदाम सात शिकव. प्लॅस्टिकचे घे, कागदाचे चहा सांडून फुगतात.

संत्रा_एक्स्प्रेस
ताई, पत्ते धरून नऊशे सत्तर ग्रॅम झाले. तीस ग्रॅम उरले.

महालकर
दोन हिरव्या मिरच्या.