राव्ह-४ हायब्रिडने बोट ओढायची आहे, काय काय बसवून घेऊ?

रस्सा_वेरिबी
मंडळी, मुक्काम मेलबर्न, गाडी २०२१ची राव्ह-४ हायब्रिड. यंदा स्नॅपर माशाच्या सीझनला स्वतःची बोट असावी असं फार मनात आहे. एक सेकंडहँड हाफ-कॅबिन (पुढे अर्धी बंद केबिन असलेली बोट) पाहिलीय, फायबरग्लासची, ४.८ मीटर, ७५ हॉर्सपॉवरचं फोर-स्ट्रोक इंजिन. मालक म्हणतो, सगळं मिळून सातशे किलोच्या आत, ट्रेलरला ब्रेक नाहीत आणि लागतही नाहीत. शेजारी म्हणतो, तुझ्या गाडीला ४८० किलोच्या वर ओढता येत नाही. टोबार, म्हणजे ट्रेलर जोडायचा मागचा दांडा, अजून बसवलेला नाही. न्यायची म्हणजे वेरिबी साउथच्या रॅम्पपर्यंतच (बोट पाण्यात उतरवायचा उतार). खरं कोणाचं?

नांगर_टाक
शेजारी अर्धा बरोबर. हायब्रिड टू-व्हील ड्राइव्ह असेल तर ४८० किलो, विषय संपला. ऑल-व्हील असेल तर ट्रेलरला ब्रेक असताना १,५००, नसताना ७५०. आधी ते बघा.

मालकाच्या सातशेवर मात्र माझा काडीचा विश्वास नाही. विकणारे नुसत्या सांगाड्याचं वजन सांगून मोकळे होतात. इंजिन एकटंच १६० किलोच्या आसपास, ट्रेलर अडीचशे-तीनशे, ७० लिटर पेट्रोल म्हणजे पन्नासेक किलो. वर बॅटरी, नांगर, लाइफ जॅकेटं, बर्फाने भरलेली एस्की (थंड पेटी). हजाराच्या घरात जाणार. वजनकाट्यावर घेऊन चला म्हणा. कुरकुरला तर ती बोट सोडा.

७५०च्या वर गेलं की ट्रेलरला ब्रेक हवेतच, इथला कायदाच आहे. २,००० किलोपर्यंत ओव्हरराइड ब्रेक चालतात. गाडीचा वेग कमी झाला की ट्रेलर मागून रेटतो, कपलिंग (ट्रेलरचं पुढचं जोडणीचं तोंड) आत सरकतं आणि त्या रेट्यानेच ब्रेक लागतात. गाडीत वेगळा कंट्रोलर लागत नाही. फक्त चढावर रिव्हर्स घेताना तेच ब्रेक आवळले जातात, म्हणून कपलिंगवरची छोटी पट्टी आधी पाडून ठेवायची.

टोबार घेताना त्याच्यावरची पाटी वाचा. गाडी, टोबार, त्यावरचा बॉल (ज्यावर कपलिंग बसतं तो गोळा), ट्रेलर, यांत ज्याचा आकडा सगळ्यात लहान, तीच तुमची मर्यादा. वायरिंगला हात आखडू नका. या गाड्यांत टेललाइटची वायर सोलून जोड मारला की कॉम्प्युटर गोंधळतो, आणि रिव्हर्स टाकलं की मागचे सेन्सर ट्रेलरलाच भिंत समजून बोंबलतात. गाडीच्या मॉडेलचाच हार्नेस (वायरिंगचा तयार जुडगा) मॉड्यूलसकट घ्या.

रस्सा_वेरिबी
धन्यवाद दादा. बघून आलो, ऑल-व्हील आहे! मालकाला काट्याचं विचारलं तर "पुढच्या आठवड्यात बघू" म्हणाला. बॉलवर किती भार पडायला हवा?

नांगर_टाक
"पुढच्या आठवड्यात" म्हणजे काय ते तुम्ही जाणताच.

एकूण वजनाच्या दहा टक्क्यांच्या आसपास धरा, पण गाडीच्या मॅन्युअलमधली कमाल ओलांडू नका. घरीच मोजता येतं. ट्रेलर सपाट जागी, चाकांना अडसर लावून. कपलिंगखाली लाकडाचा ठोकळा, त्याखाली बाथरूममधला काटा. ठोकळा एवढ्या उंचीचा घ्या की कपलिंग बॉलच्याच पातळीला राहील, नाहीतर आकडा फसवतो. भार कमी भरला तर ८०च्या पुढे ट्रेलर शेपटी हलवायला लागतो, आणि हलक्या गाडीला तो सोबत हलवतो. विंचचा (बोट ओढून घ्यायच्या चरकीचा) खांब थोडा पुढे सरकवला की बोट पुढे येते, भार वाढतो. हा भार गाडीच्या स्वतःच्या क्षमतेतून वजा होतो हे विसरू नका. चार माणसं आणि डिकीभर सामान घेऊन निघणार असाल तर पुन्हा बेरीज करा.

ओहोटी_भरती
रस्त्याचं झालं, रॅम्पचं कोण सांगणार? राव्ह-४ हायब्रिडची मागची चाकं वेगळ्या इलेक्ट्रिक मोटरवर फिरतात, आणि बोट वर ओढताना नेमकी तीच शेवाळावर असतात. ओहोटी पुरती लागली की रॅम्पचा खालचा भाग बुळबुळीत होतो, म्हणून भरतीच्या आसपासची वेळ धरा.

पोचल्या पोचल्या ट्रेलर पाण्यात घालू नका. हब, म्हणजे चाकाचा मधला बेअरिंगचा भाग, गरम असतो, थंड खारं पाणी लागलं की आतली हवा आकसते आणि पाणी सीलमधून आत खेचलं जातं. बेअरिंग गेलंच समजा. हाताची मागची बाजू हबला लावून बघा, चटका बसत नसेल तरच उतरवा. तोवर दिव्यांचा प्लग काढून ठेवा. घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुताना ब्रेकच्या डिस्क आतूनही धुवा.

आणि बोट याच मालकाकडून घ्यायची असेल तर ब्रेक बसवायचा खर्च किमतीतून कापून मागा.