मदत हवी आहे: संगणक क्षणभर चालू होऊन बंद पडतो; दोष एसएमपीएसचा (संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्याचा) की मदरबोर्डचा?

यवतमाळ जिल्ह्यातील केळापूर तालुक्यात, एका खेड्यात माझे सेवा केंद्र आहे. सातबाराचे उतारे, पीकविम्याचे अर्ज आणि मुलांचे दाखले ही सगळी कामे ज्या एका डेस्कटॉपवर चालतात, तोच सध्या बंद आहे. मागच्या वादळात गावातील डीपीवर न्यूट्रल तुटला, त्यामुळे २३० व्होल्टच्या जागी बराच जास्त दाब घरोघरी आला, दिवे भगभगले आणि शेजारचा टीव्ही जळाला. माझा संगणक तेव्हा चालू होता.

आता बटण दाबले की प्रोसेसरचा पंखा अर्धा फेरा मारून थांबतो. त्यानंतर कितीही वेळा बटण दाबले तरी काही होत नाही. मागची पिन काढून थोडा वेळ थांबावे, तेव्हा पुन्हा तोच अर्धा फेरा मिळतो. पडदा काळाच राहतो, बीपही येत नाही.

हार्ड डिस्क, डीव्हीडी ड्राइव्ह आणि यूएसबीची सगळी साधने सोडवून पाहिली, रॅमच्या पट्ट्या खोडरबराने पुसून एकेक लावली, बोर्डावरील बटण सेलही बदलला; फरक नाही. कुठलाही कपॅसिटर फुगलेला दिसत नाही. एसएमपीएस बोर्डापासून वेगळा करून २४ पिनांच्या जोडणीतील हिरवी वायर काळीला जोडली, तेव्हा त्याचा पंखा व्यवस्थित फिरला आणि मल्टिमीटरवर पिवळ्या वायरला १२.१, लाल वायरला ५.१ व नारिंगी वायरला ३.३ व्होल्ट मिळाले. सर्वांत चकित करणारी गोष्ट अशी, की प्रोसेसरजवळची चार पिनांची जोडणी काढून ठेवली आणि २४ पिनांची तेवढी लावली, तर पंखे न थांबता फिरत राहतात.

तालुक्याच्या कारागिराने झाकण न उघडताच ‘बोर्ड गेला, नवा संच घ्या’ असे सांगितले. अर्जांच्या हंगामात एवढा खर्च करण्यापूर्वी दोष नक्की कुठे आहे, हे घरच्या घरी सिद्ध करता येईल का? हार्ड डिस्कमधील कागदपत्रांचीही काळजी वाटते.

प्रतिसाद:

भाऊ, तपासणी आपण नीट केली आहे. मात्र एसएमपीएसचे ते आकडे बिनभाराचे आहेत. रिकामी बंडी कोणताही बैल ओढतो. चार पिनांची जोडणी केवळ प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या भागासाठी असते आणि ती काढताच यंत्र टिकते, म्हणजे एकतर तिथे शॉर्ट आहे, किंवा एसएमपीएस १२ व्होल्टचा भार पेलत नाही.

मागची पिन काढा, बटण काही सेकंद दाबून उरलेला विद्युतभार उतरवा आणि मल्टिमीटर ओहमवर ठेवून बोर्डावरील त्या चार पिनांच्या खोबणीत, पिवळ्या व काळ्या वायरींच्या जागी मोजा. आकडा हळूहळू चढत शेकडो ओहमच्या पुढे गेला तर बोर्ड बहुधा ठीक आहे. मग ओळखीच्या कोणाचा चालू एसएमपीएस लावून पाहा. आकडा शून्याजवळ अडकला तर प्रोसेसर काढून पुन्हा मोजा, मात्र सॉकेटमधील बारीक पिनांना बोट लागू देऊ नका. तरीही शून्यच आले, तर मॉस्फेट (प्रोसेसरकडे जाणारी वीज नियंत्रित करणारे बोर्डावरील छोटे भाग) शॉर्ट झाले असण्याची शक्यता सर्वाधिक आहे. तसे असेल तर चाचणीसाठी दुसरा चांगला प्रोसेसर त्या बोर्डात मुळीच बसवू नका, कारण शॉर्ट झालेल्या मॉस्फेटमधून १२ व्होल्ट थेट प्रोसेसरवर जाऊन तोही जळू शकतो. चिपपातळीचे काम करणारा कारागीर मॉस्फेट बदलून देतो. त्यासाठी यवतमाळ किंवा नागपूर गाठावे लागेल.

हार्ड डिस्कच्या वीजजोडणीतही १२ व ५ व्होल्टच्या पिनांवर असाच शॉर्ट तपासून घ्या आणि तो नसेल तरच ती दुसऱ्या संगणकाला जोडून आधी कागदपत्रांची प्रत काढा.