मोबाईल घरोघरी पोचला तो फुकट इनकमिंगमुळे, की स्वस्त हँडसेटमुळे?

सह्यवासी

३१ जुलै १९९५ रोजी ज्योती बसू यांनी कोलकात्याहून दिल्लीला, दूरसंचारमंत्री सुखराम यांना मोबाईलवरून फोन केला आणि भारतात ही सेवा सुरू झाली. पुढची सात-आठ वर्षे मात्र हे यंत्र बिल्डर, डॉक्टर आणि पुढारी यांच्यापलीकडे फारसे गेले नाही. सुरुवातीला मिनिटाला सोळा रुपयांपर्यंत दर होता आणि आलेला फोन उचलला तरी पैसे कापले जात.

माझ्या मते खरा बदल १ मे २००३ रोजी झाला. (महाराष्ट्र दिनाशी त्याचा संबंध नाही, तारीख तेवढी जुळली.) जो फोन करील त्यानेच पैसे भरायचे, ही पद्धत त्या दिवशी लागू झाली आणि इनकमिंग फुकट झाले. सुताराला किंवा रिक्षावाल्याला गिऱ्हाईकाशी गप्पा मारायच्या नव्हत्या. गिऱ्हाईकाने आपल्याला गाठावे, एवढेच त्याला हवे होते. जे सांगायचे ते मिस्ड कॉलने भागत असे: एक रिंग म्हणजे पोचलो, दोन म्हणजे खाली ये.

तांबडी माती

असहमत. इनकमिंग फुकट झाले तरी ते घ्यायला हातात यंत्र हवे ना? त्याच वर्षीच्या पावसाळ्यात रिलायन्सने सुरुवातीला फक्त ५०१ रुपये भरून हँडसेट देण्याची योजना आणली. त्याच वर्षी नोकिया ११०० बाजारात आला. आमच्या काकांनी तो विकत घेतला तेव्हा गावात रेंज फक्त देवळामागच्या टेकाडावर मिळत असे, म्हणजे फोन म्हणून त्याचा उपयोग जवळजवळ शून्य. तरीही त्यांनी तो घेतला, कारण त्याला बॅटरी होती, म्हणजे उजेडाची. भारनियमनाच्या त्या वर्षांत रात्री मोटर चालू करायला विहिरीवर जाताना काका तो दातांत धरून पायवाट उतरत. नंतर विहिरीवरच्या पेटीतच सिमकार्ड बसले आणि घरी अंथरुणातून फोन लावून मोटर सुरू होऊ लागली. धोरणे आपल्या जागी असतील, पण शेतकऱ्याने पैसे मोजले ते वस्तूसाठी.

पिवळी पाटी

एसटी स्टँडासमोर माझा एसटीडी-पीसीओ बूथ होता. अपंगांना बूथ देताना प्राधान्य असे, त्यातून मला तो मिळाला होता. आपण दोघेही २००३ पासून सुरुवात करता, हे मला खटकते. लोकांना फोनची सवय आम्ही लावली. रात्री उशिरा पाव दर सुरू झाला की बूथबाहेर रांग लागे, आणि मीटरवरचे लाल आकडे पळू लागले की आत बोलणाऱ्याचा आवाज आपोआप चढे. शिवाय लग्नपत्रिकेवर ‘पी.पी.’ (म्हणजे दुसऱ्याचा फोन, तिथून बोलावून घ्यायचे) लिहून माझा नंबर छापणारी किमान वीस घरे होती. मुंबईहून फोन आला की पोऱ्याला सायकलवरून पिटाळायचे आणि दहा मिनिटांनी पुन्हा लावा म्हणायचे. सह्यवासी ज्याला फुकट इनकमिंग म्हणतात ते आमच्या गल्लीत तेव्हाही होते, फक्त त्याचा भार माझ्यावर होता. मोबाईल आला आणि दोन-तीन वर्षांत मी त्या जागी झेरॉक्स मशीन लावले. तक्रार नाही, पण श्रेयाच्या वाटणीत आम्हाला वगळू नका.

ओसरी

शीर्षकातल्या ‘घरोघरी’ या शब्दालाच माझी हरकत आहे. आमच्या घरी मोबाईल आला, तो वडिलांच्या खिशात. ते कामावर गेले की घरात फोन नसे. आईला माहेरचा फोन आला तर त्याचा निरोप संध्याकाळी मिळे. पी.पी. नंबरवर निदान शेजारीण हाक मारून बोलवत असे.

दुसरे असे, की फुकट इनकमिंग आज उरले आहे कुठे? २००५ च्या अखेरीस ९९९ रुपयांत ‘लाईफटाईम’ मिळू लागले, म्हणजे एकदाच पैसे भरायचे आणि इनकमिंग कायमचे चालू, तेव्हा आईला स्वतःचे सिम मिळाले. २०१८ च्या अखेरीस बड्या कंपन्यांनी दरमहा किमान ३५ रुपयांचे रिचार्ज लावले. ते न केल्यास काही दिवसांनी येणारे फोनही बंद. नुसते सापडण्यासाठीही पुन्हा पैसे मोजावे लागू लागले.

तांबडी माती

हे मात्र माझ्याच बाजूचे आहे. इनकमिंगला पैसे पडू लागले म्हणून कोणी मोबाईल टाकून दिला का?

सह्यवासी

मोबाईल नाही, पण दुसरे सिम अनेकांनी टाकले. आधी एकाच फोनमध्ये दोन-दोन सिमे नुसती इनकमिंगसाठी पडून असत. त्यामुळे माझा मुद्दा मी सोडत नाही, मात्र तो मर्यादित करतो: फुकट इनकमिंगने मोबाईल हातात यायला मदत झाली, पण तो हातात राहण्याची कारणे वेगळी आहेत. पिवळी पाटी यांचे म्हणणे पूर्ण मान्य. ओसरी, आपल्या आईंचे ते लाईफटाईम सिम अजून चालू आहे का?

ओसरी

चालू आहे. दर महिन्याला रिचार्ज मी करते. तिला अजून वाटते की ते ९९९ रुपयांतच चालले आहे.