गाडीतलं एसओएस बटण हे खेळणं नाही

हार्नेस (धागाकर्ता)

काल 'नवी गाडी घेताय?' या धाग्यावर एक प्रतिसाद आला: "छतावरचं एसओएस बटण ही सबस्क्रिप्शन खपवायची युक्ती आहे. फोन स्वतःच अपघात ओळखून 112 ला कॉल लावतो. वर गाडी चोवीस तास पाळत ठेवते ती वेगळीच." त्याखाली सहमतीची रांग लागली. तिथे चार ओळींत भागलं नसतं, म्हणून हा धागा.

युरोपात 31 मार्च 2018 पासून नव्या मॉडेलच्या कार आणि हलक्या व्हॅनना ई-कॉल (अपघात झाल्यावर गाडीनेच 112 ला लावायचा कॉल) सक्तीचा आहे. एअरबॅगच्या ईसीयूने (नियंत्रण करणाऱ्या छोट्या संगणकाने) बॅग उघडायचा निर्णय घेतला की तोच सिग्नल टीसीयूला, म्हणजे गाडीतल्या सिमवाल्या फोन-यंत्राला जातो. टीसीयू 112 ला साधा व्हॉइस कॉल लावतं आणि त्याच आवाजाच्या लाइनवरून, जुन्या मोडेमसारखे सूर वाजवत, 140 बाइटचा एमएसडी, म्हणजे अपघाताच्या किमान माहितीचा ठरावीक संच, पाठवतं. त्यात चासी नंबर, वेळ, इंधनाचा प्रकार (कटर घेऊन येणाऱ्या जवानाला सीएनजी की हाय व्होल्टेज बॅटरी हे आधी कळलं पाहिजे), कॉल आपोआप लागला की कोणी बटण दाबलं, गाडीची जागा, आणि तिचं तोंड कुठल्या दिशेला, हे सगळं असतं. अक्षांश-रेखांश साधारण 3 सेंटिमीटरच्या पायरीने लिहायची सोय आहे. जीपीएस तेवढं अचूक नसतं, म्हणून या जागेवर भरवसा ठेवावा की नाही अशी खूणही सोबत जाते. दिशा 2 अंशांच्या पायरीने. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर कुठली मार्गिका हे चुकलं की रुग्णवाहिका पुढच्या एक्झिटपर्यंत जाऊन वळून येते. त्या वेळात माणूस जातो.

डेटा जाताना काही सेकंद गाडीतला माइक-स्पीकर बंद असतो, मग ऑपरेटर थेट बोलतो. डेटा पोचला नाही तरी लाइन उघडतेच. कॉल संपल्यावरही गाडी तासभर नेटवर्कवर थांबते आणि परतीचा कॉल आपोआप उचलते, कारण बेशुद्ध माणूस हिरवं बटण दाबत नाही. समोरून धडकल्यावर बॉनेटखालची 12 व्होल्टची बॅटरी आधी जाते, म्हणून टीसीयूला स्वतःची छोटी बॅटरी असते.

आणि पाळत? नुसत्या 112 ई-कॉलचं सिम एरवी नेटवर्कवर नोंदलेलंच नसतं. टक्कर झाली किंवा बटण दाबलं तरच जागं होतं.

मोकळा_रस्ता

तो प्रतिसाद माझाच, आणि मी त्यावर ठाम आहे.

तुम्ही युरोपचा कायदा सांगितलात. इथल्या खाजगी गाड्यांना तो लागू आहे का? नाही. इथलं बटण बहुतेक वेळा कंपनीच्या कॉल सेंटरला जातं. मोफत मुदत संपली आणि नूतनीकरण केलं नाही की ते मुकं. कनेक्टेड गाडीचं सिम सतत जागं असतं: गाडी कुठे उभी आहे, कुठला दरवाजा उघडा आहे, सगळं सर्व्हरवर. म्हणजे पाळत आहेच.

उलट फोन बघा. आयफोन 14 पासून 256 जी (गुरुत्वाकर्षणाच्या 256 पट) पर्यंतचा धक्का मोजणारं अ‍ॅक्सेलरोमीटर आहे. बॅग फुगल्यावर केबिनमधल्या हवेचा दाब बदलतो तो बॅरोमीटर पकडतो, आवाज माइक पकडतो. 20 सेकंदांत कोणी नको म्हटलं नाही तर कॉल जातो. दहा वर्षं जुन्या हॅचबॅकमध्ये बसलेल्यालाही हे मिळतं. तुमचा टीसीयू त्याला मिळणार आहे का?

हार्नेस

इथल्या कनेक्टेड गाडीचं सिम जागं असतं, हे मान्य करावं लागेल. जुन्या गाडीला फोनशिवाय काही नाही, तेही. यापुढे एक पाऊल मागे घेणार नाही.

होल्डरमधला फोन धडकेत सुटतो आणि सीटखाली किंवा काचेबाहेर जातो. टीसीयू बॉडीला बोल्ट केलेलं असतं. फोनला बेल्ट किती लावलेले होते ते कळत नाही, इंधन कळत नाही. आणि तो फक्त अंदाज करतो. 2022 मध्ये अमेरिकेत रोलर कोस्टरवरून आणि बर्फावर घसरणाऱ्यांच्या खिशातून तिथल्या आपत्कालीन केंद्रांना कॉल गेले ते याच अंदाजामुळे. एअरबॅगच्या ईसीयूला अंदाज करावा लागत नाही, बॅग त्यानेच उघडलेली असते.

नेकार_काठ

स्टुटगार्टहून लिहितोय, टीसीयूच्याच कामात आहे. दोघांनाही न आवडणाऱ्या दोन गोष्टी.

एक, मागून ठोकर बसली तर पुढच्या बॅग बहुतेक वेळा उघडत नाहीत. युरोपातली आपोआप कॉलची चाचणी समोरच्या आणि बाजूच्या धडकेवर आहे. मागच्या ठोकरीला कॉल लावायचा की नाही हे उत्पादकावर. म्हणूनच हाताने दाबायचं बटण सक्तीचं आहे. "बॅग उघडली की कॉल" एवढंच सांगून लोकांना गाफील ठेवू नका.

दोन, मोडेमच्या सुरांची ही पद्धत 2जी-3जीच्या आवाजाच्या लाइनसाठी बनलेली. जर्मनीत 3जी 2021 मध्येच बंद झालं, 2जी जायच्या वाटेवर आहे. व्होएलटीईवर (4जीवरच्या व्हॉइस कॉलमध्ये) आवाज पिळून, तुकड्यांत पाठवला जातो, त्यात हे सूर मोडतात. म्हणून 4जी-5जीवरचा नवा ई-कॉल आला: नव्या मॉडेलना 1 जानेवारी 2026 पासून, सगळ्या नव्या गाड्यांना 1 जानेवारी 2027 पासून. भारतात उद्या कोणी जुनी पद्धत आणली तर जिओवर ती चालणार नाही, जिओकडे 2जी-3जी कधी नव्हतंच.

कंट्रोलरूम

यात सगळ्यात कच्चा दुवा कोणीच सांगितला नाही. 112 लावला की कॉल लावणारा जिथे आहे तिथल्या राज्याच्या केंद्राकडे जातो. कंपनीचं कॉल सेंटर गुरुग्राममध्ये आणि गाडी कशेडी घाटात असेल, तर एजंटने तिथून 112 फिरवल्यावर हरियाणाचं केंद्र उचलेल. त्याच्याकडे जिल्हावार थेट नंबरांची ताजी यादी हवी. नसेल तर लोकेशन तीन सेंटिमीटरच्या पायरीने असूनही ते फोनवर तोंडी सांगत बसावं लागतं. विक्रेत्याला विचारायचा खरा प्रश्न हाच: तुमचा एजंट रायगडच्या नियंत्रण कक्षाला कुठल्या नंबरवरून जोडतो?

यलोबोर्ड

अवांतर, पण खाजगी गाड्यांवर एवढी शाई, आणि आम्ही बस-टॅक्सीवाले? 1 जानेवारी 2019 पासून नव्या सार्वजनिक प्रवासी वाहनांना एआयएस-140 (भारतीय वाहन प्रमाणक) चं ट्रॅकिंग यंत्र आणि पॅनिक बटण सक्तीचं आहे. यंत्र घ्या, पासिंग करा, मग डेटा प्लॅनचे पैसे भरा. आणि बटण दाबलं तर कोण येतं? कोणी नाही. नुसता खर्च मालकाच्या डोक्यावर.

फिटर_नाना

कोणी येत नाही, कारण अर्ध्या गाड्यांत वायरिंगच चुकीचं असतं, आणि ते मालकाच्या "लवकर आटपा"मुळे होतं. स्पष्ट बोलतो.

यंत्राचा मुख्य पॉझिटिव्ह थेट बॅटरीवरून, फ्यूज लावून घ्यायचा आणि इग्निशनची वायर वेगळी. बरेच जण दोन्ही इग्निशनवर टाकतात. गाडी बंद केली की यंत्र आतल्या बॅटरीवर जातं, ती सुमारे 4 तास पुरते. रोज रात्री पूर्ण उतरते आणि लवकर मरते. मग खऱ्या अपघातात मुख्य वायर तुटली की यंत्रही गेलं.

यलोबोर्ड

मालकावर ढकलू नका! फिटिंगचं सर्टिफिकेट तुम्ही लोक देता, आम्ही नाही. आणि खोटे अलर्ट कोणामुळे? कोणी हात न लावता बटणाचा अलर्ट जातो, मग केंद्रातून ड्रायव्हरला फोनवर फोन.

फिटर_नाना

सर्टिफिकेट आम्ही देतो, ही गोष्ट खरी आहे. त्यावर वाद नाही घालत.

खोट्या अलर्टचं कारण ऐका. प्रमाणकात बटण 'नॉर्मली क्लोज्ड' मागितलंय. एरवी सर्किट जोडलेलं, दाबलं की तुटतं. हेतू चांगला: कोणी वायर कापली तरी कळावं. पण साध्या दोन वायरींच्या लूपवर 'दाबलं' आणि 'तुटलं' दोन्ही सारखेच दिसतात. बसच्या मागच्या सीटखाली कनेक्टर सैल झाला, उंदराने कुरतडलं, पाणी शिरलं, की बटण दाबल्याचा अलर्ट. सगळी बटणं एकाच लूपमध्ये ओवली असतील तर कुठलं दाबलं तेही कळत नाही.

उपाय म्हणजे प्रत्येक बटणाला समांतर एक रेझिस्टर, आणि यंत्र त्याचं मूल्य वाचणारं हवं. मोकळं बटण म्हणजे जवळपास 0 ओहम, दाबलेलं म्हणजे रेझिस्टरचं मूल्य, तुटलेली वायर म्हणजे अनंत. कनेक्टर काढून मल्टिमीटरने दोन मिनिटांत तपासता येतं. दाबल्यावर आणि वायर सोडवल्यावर एकच आकडा आला तर रेझिस्टर नाही, फिटरला परत बोलवा.

मोकळा_रस्ता

माझा मूळ प्रश्न बाजूला पडला. एआयएस-140 मध्ये धडक ओळखून आपोआप कॉल लावायची अट आहे का?

फिटर_नाना

नाही. बटण कोणी तरी दाबायलाच हवं. अलर्ट डेटावरून जातो, डेटा नसेल तर एसएमएसने.

मोकळा_रस्ता

म्हणजे पलटी झालेल्या बसमध्ये सगळे बेशुद्ध असतील तर ते यंत्र गप्प. तरी मला सांगताय की फोन कुचकामी.

हार्नेस

कुचकामी म्हटलेलं नाही, माझं वाक्य परत वाचा. बसमध्ये फोनच जास्त उपयोगाचा, इथे तुमचं बरोबर. पण कारमध्ये दोन्ही हवेत, आणि बटणाकडे लक्षही हवं. चावी फिरवल्यावर एसओएसचा दिवा काही सेकंद लागून बदलला पाहिजे. लाल किंवा पिवळा तसाच राहिला तर बहुतेक वेळा टीसीयूची आतली बॅटरी संपलेली असते. उन्हात उभ्या राहणाऱ्या गाडीत ती काही वर्षांत मरते. मुख्य बॅटरी शाबूत आहे तोवर कॉल लागतो, म्हणून लोक तो दिवा तसाच ठेवून फिरतात.

नेकार_काठ

त्यात भर: पलटी झालेल्या गाडीत छतावरचा अँटेना खाली दाबला जातो. काही टीसीयूंना आत दुसरा अँटेना असतो, काहींना नसतो. माहितीपत्रकात हे लिहिलेलं नसतं. सर्व्हिस मॅन्युअलमध्ये टीसीयूला किती अँटेना केबल जातात ते पाहा.

यलोबोर्ड

नाना, रेझिस्टर किती ओहमचा?

फिटर_नाना

यंत्राप्रमाणे बदलतो. फिटिंग मॅन्युअलच्या वायरिंगच्या पानावर असतो. तिथे नसेल तर ते यंत्र फरक ओळखतच नाही, तुम्ही लावून उपयोग नाही.