दारू कमी केल्यावर वजनाचं काय झालं? आपापले अनुभव लिहा

गेल्या वर्षी दिव्याच्या अवसेच्या आदल्या रविवारी आमची शेवटची बैठक झाली. श्रावण पाळायचा, एवढंच डोक्यात होतं. वजनाचा विचारही नव्हता. गणपती बसले तेव्हा पट्ट्याला नवं भोक पाडावं लागलं आणि मी पहिल्यांदा काट्यावर उभा राहिलो. मग पूर्वीसारखं सुरू करावंसंच वाटेना. आता महिन्यातून एखादी संध्याकाळ. पहिल्या दहा आठवड्यांत ८४.५ वरून ८०.५ किलोवर आलो.

मी हिशेबाचा माणूस, वही घेऊन बसलो. आपल्याकडची व्हिस्की-रम ४२.८ टक्क्यांची. म्हणजे ६० मिलीच्या एका लार्जमध्ये शुद्ध अल्कोहोल साधारण २० ग्रॅम. ग्रॅमला ७ कॅलरी धरल्या की १४० झाल्या. साखरेच्या ग्रॅममध्ये ४ असतात, चरबीच्या ९, म्हणजे दारू चरबीच्या जवळ जाते. मी आठवड्याला तीन संध्याकाळी तीन-तीन लार्ज घ्यायचो, तेव्हा आठवड्याच्या १,२६० कॅलरी आणि दहा आठवड्यांच्या १२,६००. अंगावरची एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानाने ७,७०० कॅलरी. या हिशेबाने माझं वजन दीड किलोच्या थोडं वर उतरायला हवं होतं. उतरलं चार किलो.

उरलेलं कुठून गेलं, हे शोधताना मला माझी जुनी संध्याकाळ दिसली. शेंगदाण्याची वाटी दोनदा भरली जायची, आणि १०० ग्रॅम शेंगदाण्यात साडेपाचशेच्या वर कॅलरी असतात. अकरा वाजता हंडी आणि रोट्या. सकाळी डोकं जड म्हणून फिरणं बंद. दारू पोटात असताना शरीर आधी तिचाच निकाल लावतं, कारण ती साठवून ठेवायची सोय शरीराकडे नाही. तेवढा वेळ चरबी जाळायचं काम मागे पडतं, आणि सोबत खाल्लेलं फरसाण निवांत जमा होत राहतं. हे कळलं तेव्हा मला खरंच वाईट वाटलं. वीस वर्षं मी फक्त ग्लास मोजत होतो.

तुम्ही कमी केली असेल किंवा सोडली असेल तर लिहा. किती घेत होता, किती केली, किती महिने झाले, वजन आणि कंबर दोन्ही. ज्यांचं काहीच उतरलं नाही त्यांनी तर नक्कीच लिहा.

ठाणे, बँकेत नोकरी, वय ५२

मी दरवर्षी श्रावण ते अनंत चतुर्दशी बंद ठेवतो. दोन-तीन किलो उतरतं, आणि दिवाळीपर्यंत जसंच्या तसं परत येतं. बारा वर्षं हेच चाललं होतं.

या वेळी वेगळं केलं. पूर्ण बंद न करता फक्त शनिवारी दोन स्मॉल, असं ठरवलं, आणि मोजायला नातवाच्या औषधाच्या बाटलीवरचं झाकण घेतलं. तेव्हा एक गोष्ट कळली. मी घरी हाताने भरायचो तो लार्ज मोजला तर ८५ मिली निघाला. म्हणजे मी 'तीन पेग' सांगायचो तेव्हा खरे चारच्या वर होत होते. दादा, तुमच्या वहीतला हिशेब बहुतेकांच्या घरी यामुळेच चुकत असणार. सात महिन्यांत ८६ चा ८१ झालोय. सावकाश उतरलं, पण या दिवाळीत परत चढलं नाही.

नागपूर, वय ३४

मला सगळ्यांनी सांगितलं, चखणा सोड, बाकी काही करू नको. शेव-फरसाण बंद केलं, काकडी आणि उकडलेली अंडी सुरू केली. बिअर तशीच ठेवली. स्ट्राँगच्या मोठ्या बाटल्या, दोन-दोन, आठवड्याला चार दिवस. चार महिन्यांत काटा हलला नाही. ६५० मिलीच्या एका स्ट्राँग बाटलीत ३०० च्या आसपास कॅलरी असतात. अशा आठ बाटल्या दर आठवड्याला आत जात होत्या, तर काकडीने काय होणार! चाराऐवजी एकच दिवस केला तेव्हा कुठे दोन महिन्यांत तीन किलो गेलं.

पुणे, वय ४३

बाईने हे लिहायचं म्हणजे जरा संकोच वाटतो, पण आमच्या वयाच्या कितीतरी जणींना उपयोग होईल म्हणून लिहिते.

लॉकडाउनमध्ये घरून काम सुरू झालं आणि लॅपटॉप मिटला की वाइनचा ग्लास भरायचा, अशी सवय लागली. ७५० मिलीची बाटली दोन संध्याकाळी संपायची. वाइन हलकी, असं मी मनाशी म्हणायचे. एका बाटलीत सहाशेच्या आसपास कॅलरी असतात हे खूप उशिरा कळलं.

मला त्रास वजनाचा नव्हताच. पहाटे तीनला दचकून जाग यायची, छाती धडधडायची, घाम. पाळी जायचं वय जवळ आलं म्हणून असेल, असं धरून चालले होते. डॉक्टरांनी एक महिना वाइन पूर्ण बंद करून बघा म्हटलं. पहिल्या आठवड्यात संध्याकाळी साडेसातला हात रिकामे वाटायचे, चिडचिड व्हायची, लेकीवर उगाच ओरडले. दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी उजाडल्यावरच जाग आली. मी पलंगावर बसून रडले. चार वर्षांत अशी झोप लागली नव्हती. दारूने झोप लवकर लागते, पण रात्रीचा उत्तरार्ध ती मोडून टाकते, हे मी अंगावर अनुभवलं.

वजन? पहिले तीन आठवडे एक ग्रॅमही नाही. मैत्रिणी म्हणाल्या, मग कशाला एवढा त्रास! चौथ्या आठवड्यापासून माझी सकाळ बदललेली लक्षात आली. आधी अपुऱ्या झोपेमुळे अकरा वाजता काहीतरी तळलेलं किंवा बिस्किटांचा पुडा लागायचाच. ती भूकच गेली. पाच महिन्यांत ७२ वरून ६७.५, कंबर ९२ सेंटिमीटरवरून ८४. डॉक्टरांनी सांगितलेली रेषा बायकांसाठी ८० आणि पुरुषांसाठी ९० आहे, म्हणजे अजून थोडं बाकी आहे.

ऑफिसच्या पार्टीत "एक घे गं" हे चालूच असतं. मी आधीच लिंबू घातलेला साधा सोडा हातात धरते. ग्लास भरलेला दिसला की कोणी फारसं विचारत नाही.

इचलकरंजी, वय ३८

माझं वाढलं. मुलगी झाली त्या दिवसापासून पूर्ण सोडली, नऊ महिने झाले. पण संध्याकाळ झाली की गोड पाहिजेच, असं व्हायला लागलं. जिलेबी, कोल्ड्रिंक, परत रात्री आइस्क्रीम. कोल्ड्रिंकच्या ३०० मिलीत तीस ग्रॅमच्या वर साखर असते, आणि मी दोन लिटरची बाटली घरात आणून ठेवायचो. ७८ चा ८१ झालो. पण बीपी उतरलंय आणि पोरगी अंगावर झोपते, तोंडाला वास येत नाही म्हणून बायको तिला बिनधास्त माझ्याकडे देते. तीन किलोचं बघू पुढे. कोल्ड्रिंक गेल्या महिन्यात बंद केलंय.

नाशिक, वय ४९

ह्यांच्याबद्दल लिहितेय, ते स्वतः लिहिणार नाहीत. रोजची क्वार्टर आठवड्यातून दोनदावर आली. वजन सहा किलो उतरलं असेल. मला कळलं ते घोरणं थांबल्यामुळे. दोन रात्री मी उठून श्वास चाललाय ना ते बघितलं.

लीड्स, इंग्लंड, वय ४०

इकडे २०१३ पासून 'ड्राय जानेवारी'ची टूम आहे. मी तीन वर्षं केलं. जानेवारीत अडीच-तीन किलो कमी, आणि मार्चमध्ये परत. ठाण्याच्या काकांच्या श्रावणासारखंच.

आमचा गुरुवार-शुक्रवार पबचा. पाइंट ५६८ मिलीचा, चार व्हायचे, आणि बाहेर पडताना चिप्स नाहीतर कबाब ठरलेला. इथल्या सरकारी सल्ल्यात आठवड्याला १४ युनिटच्या वर जाऊ नका म्हणतात (एक युनिट म्हणजे १० मिली शुद्ध अल्कोहोल). साधी ४ टक्क्यांची बिअर धरली तरी एका पाइंटमध्ये सव्वादोन युनिट होतात, म्हणजे मी दोन दिवसांतच १८ करत होतो. आता गुरुवार गेला, शुक्रवारी दोन. खरी मदत झाली ती ऑफिसातून थेट पबला न जाता घरी येऊन पोळी-भाजी खाऊन मग जाण्याची. पोट भरलेलं असलं की दुसऱ्या पाइंटनंतर माझं मन आपोआप घराकडे लागतं. दहा महिन्यांत सात किलो. एक सांगतो, शून्य अल्कोहोलच्या बिअरमध्येही कॅलरी असतात. बाटलीवर बघून घ्या.

अहिल्यानगर, वय ४५

वरचं सगळं वाचून मला काळजी वाटली म्हणून लिहायला बसले. कृपया हे पूर्ण वाचा.

माझा धाकटा भाऊ सकाळपासून प्यायचा. हातपाय काडीसारखे आणि पोट तेवढं पुढे. पोट सुटलंय, दारू बंद केली की उतरेल, असं मित्रांनी त्याला सांगितलं. त्याने एका सोमवारी एकदम बंद केली. आम्ही सगळे खूश. मंगळवारी हात थरथरायला लागले, कपाळावर घाम, कप धरता येईना. आईला वाटलं थंडीताप. बुधवारी रात्री भिंतीवर मुंग्या चालताहेत म्हणून ओरडायला लागला आणि पहाटे झटका आला. मी त्याचं डोकं मांडीवर धरून रिक्षात बसले होते. तो रस्ता मी अजून टाळते.

डॉक्टरांनी समजावलं, रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी बंद केली तर शरीर असं उलटतं, त्यात जीवही जाऊ शकतो. औषधं देऊन, देखरेखीखाली उतरवावी लागते. आणि त्याचं पोट चरबीचं नव्हतंच. लिव्हर खराब होऊन पोटात पाणी झालं होतं. पाणी उतरल्यावर तो ५१ किलोचा निघाला. पुढे वहिनीने मुक्तांगणची माहिती काढली. डॉ. अनिता अवचटांनी १९८६ मध्ये पुण्यात सुरू केलेलं केंद्र, बऱ्याच जणांना माहीत असेल. आता दीड वर्ष झालं, तो ६० किलोचा आहे. आमच्या घरी वजन वाढल्याचे पेढे वाटले.

ज्यांना सकाळी उठल्यावर लागते, एक दिवस चुकली की हात कापतात, त्यांनी स्वतःच्या मनाने बंद करू नका. आधी डॉक्टरांकडे जा.

धागा काढणाऱ्याकडून

ताई, तुम्ही लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. हे मीच सुरुवातीला सांगायला हवं होतं. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांसाठीही एक सांगतो: उपाशीपोटी दारूने साखर एकदम खाली जाऊ शकते. जेवण वाचवून त्या कॅलरी पेगमध्ये घालवायचा उद्योग करू नका. माझ्या ओळखीत एकाने तो केला होता.

डिचोली, गोवा, वय ४७

आमच्याकडे मार्च-एप्रिल म्हणजे उर्राक. काजूच्या रसाची पहिल्या धारेची, फेणीपेक्षा बरीच सौम्य, म्हणून लोक पाण्यासारखी पितात. त्यात लिम्का, मीठ, चिरलेली हिरवी मिरची. उन्हाळ्याच्या दोन महिन्यांत माझं दरवर्षी दोन-तीन किलो वाढायचं आणि मी दोष माशांच्या कालवणाला द्यायचो. यंदा लिम्काच्या जागी सोडा आणि लिंबाचा रस घेतला, आणि रोजच्याऐवजी फक्त रविवारी. उर्राक सोडवत नाही, ती वर्षातून एकदाच येते. वाढलं नाही, एवढंच. उतरलंही नाही.

सोलापूर, रक्त तपासणीच्या लॅबमध्ये काम

काट्यावर दिसायच्या आधी नळीत दिसतं. काही जणांचं रक्त फिरवून घेतलं की वरचा पिवळसर द्राव स्वच्छ न दिसता दुधासारखा दिसतो. ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, फार वाढलेले असतात तेव्हा असं होतं, आणि त्यात नियमित पिणारे बरेच असतात. दारू थांबवून काही आठवड्यांनी तीच माणसं आली की नळी स्वच्छ, जीजीटी (लिव्हरच्या तपासणीतला एक आकडा) उतरलेला. वजन तेवढंच असतं म्हणून ती हिरमुसलेली असतात. रिपोर्ट देताना मला त्यांना नळी दाखवावीशी वाटते.

मोहोळजवळचं गाव, शेती, वय ५८

नातू लिहून देतोय. मी मागच्या आषाढीला पंढरपुरात माळ घातली. माळ घातली म्हणजे दारू-मटण दोन्ही सुटलं. वजनासाठी नव्हती घातली. तीस वर्षं बाजाराच्या दिवशी चपटी ठरलेली होती, नंतर नंतर रोजच. पहिला महिना संध्याकाळी पाराकडे जायचंच बंद केलं, देवळात हरिपाठाला बसायला लागलो. रात्रीचं जेवण आठला व्हायला लागलं. पूर्वी कधी व्हायचं, ते आमच्या मंडळींना विचारा, त्या बारा-बारापर्यंत तवा गरम ठेवून बसायच्या.

घरात काटा नाही. खताच्या दुकानातल्या काट्यावर परवा उभा राहिलो तर ६८ भरलो. आधीचं वजन माहीत नाही. पण शिंप्याने सदरा दोनदा आत घेतलाय, आणि तिसऱ्यांदा नेला तर म्हणाला, आता नवंच कापड आणा.