अजाइल स्वीकारलेल्या कंपन्यांचे अनुभवकथन: मेळाव्यात खरे बोलणे कसे घडवून आणावे?

बावधनकर (धागाकर्ता)

नमस्कार. पुण्यात सॉफ्टवेअर क्षेत्रात काम करणाऱ्यांचा आमचा एक लहानसा समूह आहे. अजाइल पद्धती (लहान टप्प्यांत, बदल स्वीकारत सॉफ्टवेअर बनवण्याच्या पद्धती) स्वीकारताना आलेले अनुभव चार कंपन्यांनी येत्या मेळाव्यात सांगावेत, असे ठरले आहे. त्यांपैकी दोन सेवा कंपन्या आहेत, एक स्वतःचे उत्पादन विकणारी लहान कंपनी आहे आणि चौथे एका परदेशी बँकेचे इथले तंत्रज्ञान केंद्र आहे. वक्ते तयार आहेत, सभागृहही मिळाले आहे. अडचण वेगळीच आहे.

यापूर्वीच्या अशा सत्रांत जे ऐकायला मिळाले, ते बहुतेक एकाच साच्यातले होते. पहिल्या स्लाइडवर फेब्रुवारी २००१, युटा राज्यातील स्नोबर्ड, तिथे जमलेले १७ जण आणि त्यांच्या अजाइल जाहीरनाम्यातील चार मूल्ये. मग वॉटरफॉलला, म्हणजे एकामागून एक टप्पे पुरे करण्याच्या जुन्या पद्धतीला, नावे ठेवणे. मग कंपनीत किती जणांनी स्क्रम मास्टरचे (स्क्रम या अजाइलच्या एका प्रकारात टीमला मार्गदर्शन करणाऱ्याचे) प्रमाणपत्र मिळवले त्याची संख्या. आणि शेवटी उत्पादकता इतके टक्के वाढल्याचा एक आकडा, जो कशाच्या तुलनेत काढला हे कोणी सांगत नाही. त्याखाली ‘आमच्याकडे भरती सुरू आहे’. हेच वक्ते चहाच्या वेळी मात्र मोकळेपणाने सांगतात की स्टँडअप (रोजची छोटी बैठक) नावापुरता उरला आहे, ग्राहकाचा माणूस स्प्रिंट रिव्ह्यूला (दोनेक आठवड्यांच्या टप्प्याअखेर काम दाखवण्याच्या बैठकीला) फिरकत नाही आणि एका रेट्रोमध्ये (टीमने स्वतःच्या कामाचा मागोवा घेण्याच्या बैठकीत) ठरलेली गोष्ट पुढच्या रेट्रोमध्ये पुन्हा नव्याने ठरते. चहाच्या टेबलावरचे हे बोलणे सत्रात कसे आणावे? वक्त्यांना आधी कोणते प्रश्न पाठवावेत, गोपनीयतेचे काय करावे, आणि भाषणाऐवजी दुसरा एखादा प्रकार कोणी करून पाहिला आहे का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

तिसरी_घंटा

गोपनीयतेपुरते सांगतो. लंडनच्या चॅटम हाउस या संस्थेचा १९२७ पासूनचा एक नियम आहे: बैठकीत कळलेली माहिती बाहेर वापरता येते, पण ती कोणी सांगितली आणि तो कोणत्या संस्थेचा, हे उघड करता येत नाही. हा नियम निमंत्रणातच छापावा आणि सत्र सुरू होताना वाचून दाखवावा. ध्वनिचित्रमुद्रण करू नये, सभागृहातून समाजमाध्यमांवर काही टाकू नये. ग्राहकाशी झालेल्या गोपनीयतेच्या करारातून मात्र या नियमामुळे कोणाची सुटका होत नाही, त्यामुळे ग्राहकाचे नाव सभागृहातही न घेतलेलेच बरे.

प्रकाराबद्दल विचाराल तर स्लाइड पूर्णपणे बंद करून फिशबोल करून पाहावा. मध्यभागी पाच खुर्च्या, चारांवर बोलणारे आणि पाचवी रिकामी. बाकीचे सर्व भोवती बसतात आणि त्यांनी मधे बोलायचे नसते. ज्याला बोलायचे असेल त्याने येऊन रिकाम्या खुर्चीवर बसावे, आणि तसे झाले की आतल्या चौघांपैकी एकाने उठून जागा रिकामी करावी. पहिली दहा मिनिटे कोणीही उठत नाही आणि आयोजकांचा जीव वर-खाली होतो; तेवढा वेळ धीर धरावा, माइक घेऊन प्रेक्षकांत फिरू नये. आणखी एक गोष्ट म्हणजे कंपनीत अजाइल आणणाऱ्या परिवर्तन विभागाच्या प्रमुखाला एकट्याला बोलावू नये. त्याच कंपनीतला एखादा टेस्टर शेजारी बसला असेल, तर प्रमुखही जरा जपूनच दावे करतो.

ऑफशोअर_गडी

बावधनकर, चारांपैकी दोन सेवा कंपन्या आहेत असे तुम्ही म्हणता, म्हणून त्यांना विचारायचा पहिला प्रश्न सुचवतो: तुमचा करार कोणत्या प्रकारचा आहे? माझ्या मते सेवा कंपन्यांच्या अजाइलमधल्या बहुतेक दुखण्यांचे मूळ तिथे आहे, आणि नेमका हाच विषय व्यासपीठावर कधी निघत नाही, कारण बोलायला येणारा माणूस अभियांत्रिकीचा असतो आणि करारावर सही करणारा विक्री विभागातला.

करार फिक्स्ड बिडचा, म्हणजे काम आणि किंमत आधीच ठरवलेला, असेल, तर आवश्यकतांची यादी सहीच्या दिवशीच गोठलेली असते आणि पैसे ठरावीक टप्पे पार पडल्यावर मिळणार असतात. अशा प्रकल्पात दोन आठवड्यांचे स्प्रिंट सुरू केले, तरी बॅकलॉग (करायच्या कामांची यादी) म्हणजे त्याच जुन्या दस्तऐवजाचे केलेले तुकडे असतात. खरा प्रॉडक्ट ओनर, म्हणजे काय बनवायचे ते ठरवणारा, ग्राहकाच्या कार्यालयात बसतो, त्याला स्वतःच्या कामातून सवड नसते, म्हणून इथल्या एखाद्या बिझनेस ॲनालिस्टला त्याच्या जागी बसवले जाते. या बिचाऱ्याला प्रश्नांची उत्तरे द्यायची जबाबदारी असते, पण एकही गोष्ट यादीतून वगळण्याचा अधिकार नसतो. मग बदल स्वीकारण्याच्या गप्पा मारणारी टीम प्रत्यक्षात प्रत्येक बदलासाठी चेंज रिक्वेस्ट भरत बसते.

पुढची पायरी म्हणजे स्टोरी पॉइंट, म्हणजे कामाच्या आकाराचा अंदाज सांगणारे गुण. एक पॉइंट म्हणजे आठ तास, असे एकदा कोणी तरी तक्त्यात लिहिले की दर महिन्याच्या आढावा बैठकीत व्हेलॉसिटीचा (एका स्प्रिंटमध्ये पूर्ण झालेल्या पॉइंटांचा) आलेख ग्राहकापुढे जातो आणि तो वर चढलेला दिसावा अशी अपेक्षा सुरू होते. आलेख चढतोही, कारण गेल्या तिमाहीत ज्या स्क्रीनवरच्या बदलाला तीन पॉइंट दिले होते, त्याच जातीच्या बदलाला या तिमाहीत पाच दिले जातात. यात कोणी ठरवून लबाडी करतो असेही नाही. अंदाज देणारा माणूस फक्त आपली पाठ सांभाळतो. स्टोरी पॉइंट बहुधा आपणच शोधले आणि तसे असेल तर त्याचा आता खेद वाटतो, असे जाहीरनाम्याच्या १७ जणांपैकी एक असलेल्या खुद्द रॉन जेफ्रीज यांनी जाहीरपणे लिहिलेले आहे. मेळाव्यात व्हेलॉसिटीचा आकडा कोणी दाखवलाच, तर एका पॉइंटला किती तासांचे बिल लागते, एवढे विचारावे.

स्टँडअपचेही तसेच. आमच्याकडे तो संध्याकाळी साडेसातला होतो, म्हणजे न्यूयॉर्कमध्ये उन्हाळ्यात सकाळचे दहा आणि हिवाळ्यात नऊ. पलीकडून ऐकणारा मॅनेजर असला की प्रत्येक जण आपण दिवसभर रिकामे बसलो नव्हतो हे त्याला पटवून देतो, आणि शेजारच्याचे काम कशामुळे अडले आहे याकडे कोणाचेच लक्ष नसते. काल काय केले, आज काय करणार आणि अडचण काय, हे तीन प्रश्न स्क्रम गाइड या अधिकृत मार्गदर्शिकेच्या २०२० च्या आवृत्तीतून काढून टाकलेले आहेत. आपल्याकडे मात्र त्यांची पारायणे चालूच आहेत. याला पाट्या टाकणे यापेक्षा वेगळे काही म्हणता येत नाही.

आता जे जमले तेही सांगतो, कारण तुम्हाला अनुभव हवे आहेत, गाऱ्हाणी नव्हेत. एका ग्राहकाने ठरावीक टीम तीन-तीन महिन्यांसाठी घेण्याचे मान्य केले आणि तेवढ्याच आकाराचे काम काढून टाकणार असाल तर त्या जागी नवे काम विनाशुल्क घालता येईल, असे कलम आम्ही करारात घातले. कल्पना आमची नव्हती; स्क्रमचे एक जनक जेफ सदरलँड अशा कलमाचा पुरस्कार बऱ्याच आधीपासून करत आले आहेत. त्यानंतर ग्राहकाकडची प्रतिनिधी आपण होऊन रिव्ह्यूला येऊ लागली, कारण काय काढायचे हे ठरवण्यात तिचा फायदा होता. आमच्या स्क्रम मास्टरने त्यासाठी वेगळे काहीही केले नव्हते.

फलाटदादा

वरच्या प्रतिसादाशी सहमत आहे, परंतु अजाइल म्हणजे स्क्रम असे गृहीत धरूनच सगळी चर्चा चालली आहे, याकडे लक्ष वेधतो. देखभालीचे काम करणाऱ्या टीमला, जिथे रोज नवी तक्रार येते, दोन आठवड्यांचे नियोजन बहुधा सोसतच नाही. सॉफ्टवेअरमधल्या कानबानचे (एका वेळी हाती घेतलेल्या कामांवर मर्यादा घालणाऱ्या पद्धतीचे) सर्वांत जास्त सांगितले जाणारे उदाहरण आपल्या हैदराबादचे आहे. २००४ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या अंतर्गत प्रणालींची देखभाल करणारी एक टीम तिथे काम करत होती आणि तिच्याविषयी ग्राहक विभागांची मोठी नाराजी होती. कानबानचे प्रवर्तक डेव्हिड अँडरसन यांच्या मार्गदर्शनाखाली तिचे काम पाहिले गेले, तेव्हा टीमचा बराचसा वेळ पुढे कधीच हाती न घेतल्या जाणाऱ्या मागण्यांचे अंदाज काढण्यातच जात असल्याचे दिसले. अंदाज देणे थांबवले, रांगेतल्या कामांवर मर्यादा घातली आणि प्राधान्य ठरवण्याची पद्धत बदलली. प्रोग्रॅम लिहिण्याच्या पद्धतीला हात न लावताही प्रतीक्षेचा काळ झपाट्याने उतरला.

या मागचे गणित जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेले आहे. टीमने एका वेळी सरासरी ३० कामे हाती धरली असतील आणि आठवड्याला ३ पूर्ण होत असतील, तर एका कामाला सरासरी १० आठवडे लागणारच. हाती धरलेली कामे १२ वर आणली आणि वेग तोच राहिला, तर तेच काम ४ आठवड्यांत बाहेर पडते. चाकण-भोसरीच्या कारखान्यांत वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्यांना हे कोणी शिकवावे लागत नाही. दोन मशीनच्या मधे साचलेला माल त्यांना डोळ्यांनी दिसतो. आपला साचलेला माल जिरा या कामे नोंदवण्याच्या साधनामध्ये दडलेला असतो, एवढाच फरक.

म्हणून वक्त्यांकडून एकच पूर्वतयारी मागावी: अलीकडे पूर्ण झालेल्या तीसेक कामांच्या दोन-दोन तारखा, म्हणजे काम सुरू झाल्याची आणि ते वापरकर्त्याच्या हाती पडल्याची. यात ग्राहकाचे नाव लागत नाही, पॉइंट लागत नाहीत आणि फुगवाफुगवीलाही फारसा वाव नसतो. ‘डन’ झाल्याची तारीख मात्र घेऊ नये, कारण कित्येक ठिकाणी ‘डन’ म्हणजे फक्त डेव्हलपरच्या बाजूने झाले, असा अर्थ असतो.

रिग्रेशनवाली

शेवटच्या वाक्याला टेस्टरांच्या वतीने अनुमोदन. स्प्रिंटच्या नवव्या दिवशी दुपारी सहा स्टोऱ्या (लहान कामे) एकदम आमच्या रांगेत येतात आणि दहाव्या दिवशी सकाळी रिव्ह्यू असतो, ही परिस्थिती तुमच्या चारही कंपन्यांत असेल असे मला वाटते. त्यावर एखाद्या कंपनीने काय केले, हे मला ऐकायला आवडेल.

अप्रेझलचा (वार्षिक मूल्यमापनाचा) प्रश्नही राहू नये, असे सुचवते. टीमने मिळून काम संपवावे असे वर्षभर सांगायचे आणि मार्चमध्ये त्याच टीममधल्या माणसांना बेल कर्व्हवर (ठरावीक जणांनाच वरचे गुण देणाऱ्या क्रमवारीत) एकमेकांच्या वर-खाली बसवायचे, या दोन गोष्टी सोबत कशा चालवतात, हे मनुष्यबळ विभागातल्या कोणाला तरी मेळाव्याला बोलावून विचारावे. सगळेच वक्ते हातचे राखून बोलतील असे मात्र समजू नका. लहान उत्पादन कंपनीला लपवण्यासारखे फारसे नसते, आणि तिचे यश खरोखरच ऐकण्याजोगे असू शकते. तिला सर्वांत आधी बोलू द्यावे, म्हणजे पुढच्यांना सूर मिळेल.

बावधनकर

सर्वांचे मनापासून आभार. चॅटम हाउसचा नियम निमंत्रणात घालतो आहे. चारही वक्त्यांना दोन तारखांची विनंती आणि कराराच्या प्रकाराचा प्रश्न आजच पाठवला. बँकेच्या केंद्राकडून तारखा द्यायला परवानगी लागेल असे उत्तर आले आहे. त्यांना कामांची नावे काढून फक्त दिवसांची संख्या द्यावी, असे सुचवले आहे. फिशबोल दुसऱ्या सत्रात करू, कारण सगळ्यांनाच तो नवा आहे.

एक अडचण उरली. सभागृह आणि चहा-नाश्ता देणाऱ्या प्रायोजकांना त्यांच्या साधनाविषयी दहा मिनिटे बोलायचे आहे, आणि तेही दोन अनुभवकथनांच्या मधे.

तिसरी_घंटा

मधे देऊ नका. नाश्ता लावलेला असताना, सत्र सुरू होण्यापूर्वी द्या आणि कार्यक्रमपत्रिकेत ‘प्रायोजकांचे निवेदन’ असे स्पष्ट छापा. त्यांना गर्दी हवी असते, ती नाश्त्याच्या वेळीच सर्वांत जास्त असते. हे सांगितले की बहुधा तेही आनंदाने कबूल होतात.